लघवीत जिवाणू सापडले, पण त्रास काहीच नाही : औषध घ्यायचे का?



आजचा विषय जरा संकोचाचा आहे. स्टाफरूममध्ये त्यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही, पण तो कागद मात्र घरोघरी येतो. आरोग्य शिबिर असो, विम्याची तपासणी असो की 'फुल बॉडी चेकअप'चे पॅकेज असो, लघवी तपासली जाते आणि रिपोर्टवर 'पस सेल्स ८ ते १०', 'बॅक्टेरिया आढळले' असे काहीतरी ठळक अक्षरात छापून येते. ज्याची लघवी तपासली तो माणूस ठणठणीत असतो. ना जळजळ, ना ताप. तरीही घरात चर्चा सुरू होते. कोणीतरी म्हणते, "इन्फेक्शन आहे, आत्ताच कोर्स करून टाका, नाहीतर किडनीवर जाईल." मग ओळखीच्या मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या येतात.

आता प्रश्न असा की, या गोळ्यांची गरज होती का? बहुतेक वेळा नव्हती. काही वेळा मात्र होती, आणि तिथे टाळाटाळ केली तर ते महागात पडते. हा फरक नीट समजावा म्हणून हा पाठ.

या स्थितीला वैद्यकात 'लक्षणविरहित जिवाणुमूत्रता' म्हणतात. शब्द लांबलचक आहे, पण मुलांना समास शिकवतो तशी त्याची फोड करा. मूत्र आहे, त्यात जिवाणू आहेत आणि लक्षण नाही. सगळा निर्णय 'लक्षणविरहित' या पहिल्या पदावर अवलंबून आहे. म्हणून आधी तेच पाहू.

लक्षण कशाला म्हणायचे?

लघवी करताना आग होणे, म्हणजे आपण ज्याला 'उन्हाळी लागली' म्हणतो ते. पुन्हा पुन्हा लघवीला जावेसे वाटणे आणि गेल्यावर थेंबभरच होणे. ओटीपोटात दुखणे. लघवीतून रक्त जाणे. थंडी वाजून ताप येणे, कुशीत किंवा कमरेच्या वर पाठीत दुखणे, उलट्या होणे. यातले काही असेल तर आजचा पाठ त्या माणसासाठी नाही. त्याला संसर्ग झालेला असू शकतो आणि त्याने डॉक्टरकडे जायलाच हवे.

आणि लक्षण कशाला म्हणायचे नाही? लघवीला उग्र वास येणे किंवा ती गढूळ दिसणे, एवढ्यावरून संसर्ग ठरत नाही. पाणी कमी प्यायले की लघवी गडद होते, वास वाढतो. पालक सगळ्यात जास्त याच गोष्टीला घाबरतात, म्हणून मुद्दाम लिहिले. रिपोर्टमधल्या पस सेल्सचेही तसेच. त्या म्हणजे आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्या दिसल्या याचा अर्थ शरीराने तिकडे थोडे लक्ष दिले आहे, इतकाच. त्रास नसेल तर केवळ पस सेल्स वाढल्या म्हणून प्रतिजैविक देऊ नये, असे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात.

लहान बाळांचे मात्र वेगळे आहे. दोन वर्षांच्या आतले मूल 'आग होते' असे सांगू शकत नाही. त्याच्या बाबतीत दुसरे कारण न सापडणारा ताप हेच लक्षण. अशा तापात लघवीची तपासणी करायलाच हवी. तसेच कोरडे राहू लागलेले मूल अचानक पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर त्याला 'आळशी' म्हणण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

लाखाचा आकडा आला कुठून?

कल्चरच्या रिपोर्टवर आपण '१,००,००० कॉलनी प्रति मिलिलिटर' असे वाचतो आणि लाख हा आकडा पाहूनच छातीत धस्स होते. या आकड्याचा इतिहास फार बोलका आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतील बोस्टन शहरात एडवर्ड कास नावाच्या संशोधकापुढे एक अडचण होती. लघवी बाहेर पडताना त्वचेवरचे जिवाणू तिच्यात मिसळतात. मग नमुन्यात सापडलेले जिवाणू खरोखर मूत्राशयातले आहेत की वाटेत मिसळलेले, हे ओळखायचे कसे? त्यांनी जिवाणू मोजले. वाटेत मिसळलेले असतील तर संख्या साधारणपणे कमी असते. आत वाढलेले असतील तर ती मिलिलिटरला लाखाच्या पुढे जाते. म्हणून लाखाची रेषा आखली गेली.

म्हणजे ही रेषा 'जिवाणू आतले की बाहेरचे' एवढेच सांगायला आखलेली होती. 'माणूस आजारी की निरोगी' हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. पुढे मात्र लोकांनी तिच्याकडून त्याच प्रश्नाचे उत्तर काढायला सुरुवात केली. परीक्षेतल्या ३५ गुणांच्या रेषेचे आपण काय करतो ते आठवा! ती ठरवली एका कामासाठी आणि आपण तिच्यावरून मुलाची अक्कल मोजतो.

त्यावेळची भीती अगदीच निराधार होती असेही नाही. गर्भवती स्त्रियांमध्ये असे गुपचूप राहिलेले जिवाणू पुढे मूत्रपिंडाचा मोठा संसर्ग घडवतात, हे कास यांनीच दाखवले होते. त्यावरून वाटले की, लहान मुलींमध्येही हेच होत असेल. आज जिवाणू गप्प आहेत, उद्या किडनी खराब करतील. मग शोधा, आणि मारा. शोधायचे कुठे? अर्थात शाळेत.

शाळेतल्या मुलींचे काय झाले?

आपल्यासारख्यांना जवळचा वाटेल असा भाग हाच. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत, इंग्लंड-वेल्समध्ये आणि स्वीडनमध्ये हजारो शाळकरी मुलींची लघवी तपासली गेली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात कॅल्व्हिन क्युनिन यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ४ ते १८ वयाच्या तेरा हजारांहून अधिक मुली तपासल्या. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात सुमारे १.९ टक्के मुलींच्या लघवीत जिवाणू सापडले. साठ मुलींचा वर्ग धरला तर त्यात जेमतेम एखादी.

पुढचा प्रश्न खरा महत्त्वाचा. या मुलींना औषध दिल्याने भले झाले का? कार्डिफ आणि ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी अशा २०८ मुलींचे दोन गट केले. एका गटाला औषध दिले, दुसऱ्याला दिले नाही, आणि चार वर्षे दोघींकडे लक्ष ठेवले. १९७८ साली निकाल जाहीर झाला. औषध घेतलेल्या गटात लघवी जास्त वेळा स्वच्छ सापडली, हे खरे. पण त्रास होण्याचे प्रमाण, मूत्रपिंडाची वाढ, मूत्रपिंडावरचे व्रण यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. रिपोर्ट सुधारला, मुलीच्या तब्येतीत फरक पडला नाही.

स्वीडनमधील गोथेनबर्ग शहराची कथा तर याहून पुढची आहे. तिथे डॉक्टरांनी काही मुलींना औषध न देता नुसतेच लक्षात ठेवले. मुली वर्षानुवर्षे जिवाणू बाळगून होत्या आणि छान होत्या. मधल्या काळात कोणाचा घसा दुखे, कोणाला दुसरा काही संसर्ग होई, त्यासाठी पेनिसिलिनसारखे औषध दिले जाई. त्याने लघवीतले जुने जिवाणूही निघून जात. छानच झाले की, असे आपल्याला वाटेल. पण रिकाम्या झालेल्या जागी नवे जिवाणू येत, आणि काही मुलींना त्यानंतर मूत्रपिंडाचा तापासह संसर्ग झाला. जुने होते तेव्हा जो त्रास नव्हता तो ते गेल्यावर झाला.

असे का व्हावे? जिवाणूंना मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराला चिकटण्यासाठी केसांसारखे बारीक तंतू असतात. उपद्रवी जिवाणू त्यांच्या मदतीने घट्ट धरून वर चढतात आणि शरीर चवताळून उठते. वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने राहणाऱ्या अनेक जिवाणूंनी हे तंतू वापरण्याची क्षमता गमावलेली असते. ते मूत्रात वाढतात, पण कोणाला बोचत नाहीत. शिवाय त्यांनी जागा आणि अन्न अडवून ठेवल्यामुळे दुसऱ्या, द्वाड जिवाणूला शिरकाव अवघड जातो. घरात कायम राहणारा एक गरीब भाडेकरू आहे, म्हणून घर रिकामे पाहून कोणी कुलूप तोडत नाही, तसे.

हे केवळ तर्काचे बोलणे नाही. गोथेनबर्गमधल्या एका मुलीने तीन वर्षे काहीही त्रास न होता ई. कोलाय जातीचा एक जिवाणू बाळगला होता. तिच्या नमुन्यातून तो वेगळा केला गेला, त्याला ८३९७२ हा क्रमांक मिळाला. पुढे स्वीडनमध्येच लुंड येथील संशोधकांनी, ज्यांचे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि ज्यांना सारखा संसर्ग होतो अशा रुग्णांच्या मूत्राशयात हा जिवाणू मुद्दाम सोडून पाहिला. तो टिकून राहिला त्या काळात या रुग्णांना संसर्गाचा त्रास कमी वेळा झाला. म्हणजे ज्याला मारण्यासाठी एका काळी शाळाशाळांतून तपासण्या झाल्या, त्यालाच दुसऱ्या काळी औषधासारखे वापरून पाहिले! विज्ञानाच्या तासाला आपण फळ्यावर 'उपयुक्त' आणि 'उपद्रवी' असे दोन रकाने आखतो. ई. कोलाय कोणत्या रकान्यात लिहायचा, ते एकदा वर्गाला विचारून पाहा.

इटलीत २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या, पण तपासणीच्या वेळी काहीही त्रास नसलेल्या ६७३ तरुण स्त्रिया त्यात होत्या. एका गटाच्या जिवाणूंवर औषध दिले, दुसऱ्याच्या नाही. वर्षाअखेर औषध न घेतलेल्यांपैकी १४.७ टक्के स्त्रियांना पुन्हा त्रास झाला. औषध घेतलेल्यांपैकी ७३.१ टक्के. आकडे उलटे छापले गेले नाहीत ना, असे वाटावे इतका हा फरक आहे.

आजी-आजोबा आणि मधुमेह

वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते. वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणाऱ्या स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत कोणत्याही दिवशी जिवाणू सापडू शकतात. लघवीची नळी महिनोन् महिने लावलेली असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. तेव्हा आजोबांना नळी आहे आणि कल्चरमध्ये जिवाणू आले यात नवल काही नाही. ताप नसेल, त्रास नसेल तर ते मारत बसू नये. मारले तरी ते परत येतात, आणि येताना औषधाला न जुमानणारे येतात.

घरच्यांची गल्लत होते ती इथे. आजी अचानक असंबद्ध बोलू लागते, पडते, जेवत नाही. लघवी तपासली की जिवाणू सापडतात, कारण ते आधीपासून होतेच. मग सगळा दोष त्यांच्यावर जातो आणि खरे कारण बाजूला राहते. अंगातले पाणी कमी झाले असेल, सोडियम उतरले असेल, झोपेची नवी गोळी सुरू केली असेल, न्यूमोनिया असेल. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या सूचनांत म्हटले आहे की, ताप किंवा लघवीची लक्षणे नसतील आणि बाकी प्रकृती स्थिर असेल, तर अशा वृद्धांत आधी दुसरी कारणे शोधा आणि बारीक लक्ष ठेवा. लगेच प्रतिजैविक देणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे. अर्थात हे लक्ष ठेवायचे काम डॉक्टरांचे आहे; घरी बसून वाट पाहायची नाही.

मधुमेह असला की 'आपल्याला तर जपायलाच हवे' असे वाटते. कॅनडात मधुमेही स्त्रियांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. लक्षण नसताना जिवाणूंवर औषध देऊन पुढचा संसर्ग टळला नाही; त्या स्त्रियांच्या वाट्याला प्रतिजैविके खाण्याचे दिवस मात्र जवळपास पाचपट आले. साखर ताब्यात ठेवणे हा तिथला खरा उपाय.

मग औषध कोणाला?

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे गर्भवती स्त्री. गरोदरपणात संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढत्या गर्भाशयाचा दाब येतो, लघवी साचून राहते. एरवी खाली स्वस्थ बसणाऱ्या जिवाणूंना वर मूत्रपिंडाकडे जायला वाट मिळते. गर्भवतींपैकी साधारण २ ते १० टक्के जणींना असे जिवाणू असतात. जुन्या अभ्यासांत उपचार न केलेल्यांपैकी २० ते ४० टक्के स्त्रियांना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. अलीकडच्या, नेदरलँड्समधल्या अभ्यासात कमी जोखमीच्या स्त्रियांत हे प्रमाण खूपच कमी, म्हणजे २.४ टक्के निघाले. पण जिवाणू नसलेल्यांत ते ०.६ टक्केच होते. म्हणजे धोका लहान दिसला तरी चौपट. त्यामुळे गरोदरपणाच्या सुरुवातीला एकदा लघवीचे कल्चर करावे आणि जिवाणू सापडले तर त्रास नसला तरी डॉक्टर सांगतील ते औषध पूर्ण घ्यावे, हा सल्ला आजही कायम आहे. जागतिक आरोग्य संघटना अशा स्त्रियांना सात दिवसांचे औषध सुचवते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दवाखान्यात पट्टी बुडवून प्रथिन आणि साखर पाहतात ती तपासणी वेगळी, आणि कल्चर वेगळे. 'लघवी तपासली' एवढ्यावर समाधान मानू नका. 'कल्चर झाले का?' असे विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची तपासणी होते. तिथे हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. घरातल्या सुनेला 'काही होत नाही ना, मग कशाला गोळ्या' असे सांगणाऱ्या मंडळींनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा.

दुसरा गट म्हणजे मूत्रमार्गातून शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण. दुर्बिणीने प्रोस्टेट काढणे, मुतखडा काढणे यांत आतले अस्तर खरवडले जाते आणि जिवाणू थेट रक्तात जाऊ शकतात. म्हणून आधी कल्चर आणि गरजेप्रमाणे औषध. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसारख्या, मूत्रमार्गाशी संबंध नसलेल्या शस्त्रक्रियांना मात्र हा नियम लागू नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे पहिले दिवस वगैरे बाबी तज्ज्ञांवर सोडू.

रिपोर्ट वाचताना

कल्चरच्या रिपोर्टखाली औषधांची एक लांब यादी असते आणि प्रत्येकापुढे 'एस' किंवा 'आर' लिहिलेले असते. ती पाहून वाटते की, यातले एखादे घ्यायलाच हवे. तसे नाही. एस. टी. स्थानकावरच्या फलकावर पंधरा गावांची नावे असतात, म्हणून आपण कुठल्यातरी गाडीत चढत नाही. औषध लागलेच तर कोणते चालेल, एवढेच ती यादी सांगते. लागेल का, हे प्रयोगशाळा सांगत नाही. माणसाला पाहूनच ते ठरते.

गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. प्रतिजैविकांवर ती असते. मुलांना ही रेघ दाखवा. मुले घरी जाऊन औषधांचा डबा उपसतात आणि मग आईबाबांची उलटतपासणी घेतात!

आणि शाळेत आपण काय करायचे? रोगनिदान करणे आपले काम नाही, पण मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून धरतात, हे आपल्याला दिसते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत असे लिहिले आहे. स्वच्छतागृह असणे वेगळे आणि त्यात पाणी, कडी आणि उजेड असणे वेगळे. तासाच्या मध्ये हात वर करणाऱ्या मुलीला 'आत्ताच मधली सुट्टी झाली ना' असे म्हणू नका. लघवी तुंबवण्याने आणि बद्धकोष्ठाने खरा, लक्षणांसहचा संसर्ग वाढतो. त्रास नसलेल्या मुलीच्या लघवीतले जिवाणू शोधत बसण्यापेक्षा ती कडी बसवणे स्वस्त आहे.

वर्गासाठी एक गणित

आठवी-नववीच्या वर्गात विज्ञान आणि घातांक एकत्र घेता येतील. अनुकूल तापमानात ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. प्रत्यक्ष नमुन्यात वेग कमी असू शकतो, पण गणितासाठी २० मिनिटेच धरा. सकाळी ९ वाजता नमुना घेतला. सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची, हे सांगितले नव्हते, त्यामुळे त्वचेवरचे थोडे जिवाणू त्यात आले : मिलिलिटरला १,०००. बाटली टेबलावर उन्हाच्या तिरिपेत राहिली. ती तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायला हवी होती, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायला हवी होती. दोन्ही झाले नाही. लाखाची रेषा किती वाजता ओलांडली जाईल?

मुलांना वहीत तक्ता करू द्या. सहाव्या दुपटीला ६४,०००, सातव्या दुपटीला १,२८,०००. म्हणजे ११ वाजून २० मिनिटांनी. बाटलीतल्या लघवीत 'संसर्ग' तयार, आणि ज्या मुलीची ती आहे ती मैदानावर खो-खो खेळते आहे.